मुनीमजींचा पडदा



या सदरात आजवर ठेवींचे नामनिर्देशन, जामीनकीचे धोके, लॉकरचे नियम असे विषय येऊन गेले. संगणकाचा पडदा, म्हणजे ज्याला सगळे मॉनिटर म्हणतात तो, कसा निवडावा यावर मी कधी लिहीन असे मला स्वतःलाही वाटले नव्हते. परंतु गेल्या सोयाबीनच्या हंगामात आमच्या आप्तांच्या पेढीवर जे घडले ते पाहिल्यानंतर, व्यापारी घरांत ही वस्तू किती निष्काळजीपणे खरेदी केली जाते आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला कशी मोजावी लागते, हे सांगितलेच पाहिजे असे वाटले.

माझ्या मेहुण्यांची वाशिमला धान्याची आडत आहे. तेथील मुनीमजी चाळीस वर्षांपासून एकाच पेढीवर आहेत. लाल कापडाच्या वह्या त्यांनी लिहिल्या, वह्या जाऊन संगणक आला तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर टॅली शिकून घेतली आणि एका पैशाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत दिवा न मालवणारा हा माणूस. दिवाळीच्या थोडे आधी मेहुण्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता. मुनीमजींच्या चुका वाढल्या आहेत, म्हणाले. एकाच गावचे, एकाच नावाआडनावाचे दोन शेतकरी. फरक केवळ वडिलांच्या नावाचा. एकाच्या सोयाबीनचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले. ज्याचे पैसे अडकले तो बिचारा भल्या सकाळी पेढीच्या पायरीवर येऊन बसला. आठ दिवसांत असा प्रकार तीनदा झाला. घरात दबक्या आवाजात चर्चा सुरू होती की, आता मुनीमजींना सन्मानाने घरी बसवावे.

मी त्या आठवड्यात वाशिमला गेलो. मुनीमजी मला बँकेतल्या दिवसांपासून ओळखतात. चहा आला, इकडचे तिकडचे झाले आणि मग ते हळूच म्हणाले, "सायेब, आता डोये साथ देत नाहीत. बुढापा आला. मीच सांगून देतो मालकाले."

मी म्हटले, "मुनीमजी, जरा तुमच्या जागेवर मला बसू द्या."

त्यांची बैठक जुन्या पद्धतीची, गादीवर, पुढे बुटके मेज. आणि पडदा कोठे? समोरच्या भिंतीवर, डोक्याच्याही वर, लोखंडी कंसावर टांगलेला. मेजावर वजनाच्या पावत्या ठेवायला जागा हवी आणि मालकांनाही त्यांच्या गादीवरून दिसावे, म्हणून ही व्यवस्था. पडदा होता २७ इंची. घरातल्या धाकट्या मुलाने तो ऑनलाइन मागवला होता आणि मागवताना त्याच्या मनात मुनीमजींचे डोळेच होते. मोठा पडदा, मोठी अक्षरे, त्यांना बरे पडेल. खोक्यावर '१ मिलिसेकंद' आणि '१४४ हर्ट्झ' असे ठळक छापले होते आणि किंमतही आकाराच्या मानाने कमी होती.

गादीवर बसून मी मान वर केली आणि मला कारण दिसले. यादीतील ज्या नावावर आपण असतो ती ओळ रंगाच्या पट्टीने उठून दिसायला हवी. खालून पाहताना ती पट्टी आजूबाजूच्या ओळींसारखीच काळवंडली होती. कोणते नाव निवडले आहे ते कळेनाच. मी उभा राहिलो, मग स्टुलावर चढलो. डोळे पडद्याच्या बरोबरीला आले आणि पट्टी लख्ख दिसू लागली. मालकांना त्यांच्या उंच गादीवरून चित्र पुष्कळ बरे दिसत होते, म्हणून त्यांना मुनीमजींचे म्हणणे पटत नव्हते. तो पडदा टीएन जातीचा होता.

आता ही जात म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. दुकानदार 'एलईडी मॉनिटर' म्हणून जे विकतो, त्यात एलईडी हा केवळ मागचा दिवा असतो. चित्र उमटवते ते त्या दिव्यासमोरचे पॅनेल. दोन काचा, त्यांच्या बाहेर प्रकाश गाळणाऱ्या दोन पातळ पट्ट्या आणि काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर. द्रवस्फटिक म्हणजे धड द्रव नाही आणि धड स्फटिकही नाही असा पदार्थ. त्याचे कण विजेच्या दाबाने वळतात आणि किती वळले त्यावर प्रकाश किती बाहेर यायचा ते ठरते. द्रवस्फटिकाची ही अवस्था प्रथम ध्यानात आली ती १८८८ मध्ये, प्राग येथे काम करणाऱ्या फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. त्यांनी ज्या पदार्थावर प्रयोग केले तो गाजरातून मिळवलेला होता. आपल्या स्वयंपाकघरात ज्या कंदाला प्रवेश नाही, त्याच्यापासून निघालेली विद्या आपल्या प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याशेजारी येऊन बसली आहे! आजचे द्रवस्फटिक अर्थात कारखान्यात रसायनांपासून तयार होतात, तेव्हा श्रावक मंडळींनी निश्चिंत असावे.

टीएन ही पद्धत १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश कंपनीत शाड्ट आणि हेलफ्रिश या दोघांनी शोधली. तीत कण एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात, एकूण ९० अंशांनी. घड्याळे आणि कॅल्क्युलेटर यांत ती आधी आली. माझ्या पिढीच्या बँक कर्मचाऱ्यांना आठवत असेल, कॅल्क्युलेटर जरा तिरका धरला की आकडे पुसट होत. मुनीमजींच्या भिंतीवर होता तो हाच दोष. फिकट छटा दाखवताना हे कण एकाच दिशेला अर्धवट कललेले असतात. बांधावर उभे राहून तुरीच्या ओळी पाहाव्यात तसे हे आहे. ओळीच्या दिशेने पाहिले तर मधली माती दिसते, आडवे पाहिले तर सलग हिरवे. शेत तेच, पण पाहणाऱ्याची जागा बदलली की रंग बदलतो. टीएनमध्ये डावी-उजवी बाजू एक वेळ निभावते. वरखाली मात्र फार फरक पडतो, आणि त्यातही खालून पाहणे सर्वांत वाईट. भिंतीवर उंच टांगण्यास याहून अयोग्य पडदा नाही. त्याचा गुण एकच, चित्र झटकन बदलते आणि किंमत कमी पडते. खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी ते ठीक आहे. रोजमेळाला मिलिसेकंदाचा काय उपयोग?

दुसरी जात आयपीएस. हिताची या जपानी कंपनीने १९९६ मध्ये ती बाजारात आणली. हिच्यात कण काचेला समांतर राहूनच फिरतात, जात्याचा खुंटा फिरावा तसे, उठत किंवा कलत नाहीत. त्यामुळे वरून, खालून, बाजूने कसेही पाहिले तरी छटा जवळपास तीच राहते. उणीव म्हणजे काळा रंग पुरता काळा होत नाही. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांतून राखाडी उजेड डोकावतो. काळ्या-पांढऱ्यातील फरक, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, साध्या आयपीएसमध्ये साधारण १००० ला १ असतो. दिवसभर ट्यूबलाइटच्या उजेडात चालणाऱ्या दुकानात ही उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी व्हीए. येथे कण विश्रांतीत काचेला लंब, उभ्या पिकासारखे असतात आणि विजेच्या दाबाने कलतात. उभे असताना प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो, म्हणून काळा रंग गडद. कॉन्ट्रास्ट ३००० ला १ आणि त्याहून पुढे. रात्री दिवा मालवून चित्रपट पाहणाऱ्याने अवश्य घ्यावा. परंतु बाजूने पाहिल्यास रंग विटलेले दिसतात आणि गडद भागातून अक्षरे सरकवताना मागे काळसर ओघळ राहतो. बाजारात वक्राकार पडदे दिसतात, त्यांपैकी पुष्कळसे या जातीचे. एकट्याने समोर बसून पाहायचे असेल तर ते चांगले. ज्या पेढीवर चार जण चार बाजूंनी डोकावतात तेथे नाही.

ओएलईडीविषयी थोडक्यात सांगतो. हिच्यात मागचा दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी या विद्येचा पाया घातला. चित्र अप्रतिम, किंमतही तशीच. शिवाय एकच चित्र रोज दहा तास ठेवले तर त्याचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते. टॅलीच्या त्याच त्या पट्ट्या आणि चौकटी वर्षभर दाखवायच्या असतील तर हा पैसा पाण्यात घालण्याचा प्रकार होईल.

आता प्रश्न असा की, खोक्यावर जातीचे नाव असतेच असे नाही, मग ओळखावे कसे? माझा भर दोन आकड्यांवर आहे. तांत्रिक माहितीत पाहण्याचा कोन छापलेला असतो. तेथे १७०/१६० असे असेल तर तो बहुतेक टीएन. १७८/१७८ असेल तर आयपीएस किंवा व्हीए. मग कॉन्ट्रास्ट पाहावा. १००० च्या आसपास असेल तर आयपीएस, ३००० असेल तर व्हीए. दहा लाख, एक कोटी असे 'डायनॅमिक' आकडे छापतात ते सोडून द्यावेत. ते जाहिरातीचे आहेत. १७८ अंशांचाही अर्थ असा नव्हे की तेथून चित्र समोरच्यासारखे दिसेल. त्या कोनातून कॉन्ट्रास्ट घटून साधारण १० ला १ एवढा उरतो, इतकेच ते वचन. बँकेच्या कर्जकरारातील बारीक अक्षरांइतकेच हे अक्षर वाचण्यासारखे असते. नावांचाही थोडा घोळ आहे. 'पीएलएस' आणि 'एएचव्हीए' ही दोन्ही आयपीएसच्या कुळातली नावे आहेत. दुसऱ्यात 'व्हीए' दिसते म्हणून फसू नये.

धाकट्याच्या हिशेबातली दुसरी चूक आकाराची. २७ इंची पडद्यावरही ठिपके १९२० बाय १०८०च होते. तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरले की अक्षर मोठे होते खरे, पण विरळ होते. गणित साधे आहे. २४ इंचात एका इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात, २७ इंचात सुमारे ८२. इंग्रजी अक्षरांना ते चालून जाते. आपल्या देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे एवढा संसार सांभाळावा लागतो, तिला ठिपके कमी पडले की अनुस्वार आधी जातो. २७ इंचीच हवा असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा, त्यात इंचाला सुमारे १०९ पडतात. तो अर्थातच महाग.

ज्यांची कापडाची दुकाने आहेत त्यांनी आणखी एक पाहावे. आता सुरतेचा माल आधी छायाचित्रांतून येतो. मोबाइलवर दिसलेला राणी रंग दुकानातल्या पडद्यावर डाळिंबी होतो, आणि गठ्ठा उघडल्यावर तिसरेच काही निघते. येथे केवळ 'आयपीएस' हा शब्द पुरेसा नाही. तो किती रंग दाखवतो हेही विचारावे. 'एसआरजीबी ९९ टक्के' किंवा 'एनटीएससी ७२ टक्के' असे लिहिलेले असेल तर उत्तम. '४५ टक्के एनटीएससी' असेल तर तो आयपीएस असूनही रंग धुतल्यासारखे दिसतील. स्वस्त लॅपटॉपांत हे फार आढळते.

हा रंगांचा मुद्दा मला एरवी सुचला नसता. मी कारंज्याचा. आमच्या गावच्या ग्रंथभांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीने. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील डॉ. हिरालाल जैन यांच्या परिश्रमाने पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये कारंज्याहून छापून निघाले. निवृत्तीनंतर जुन्या पोथ्यांची छायाचित्रे वाचण्याचा मला छंद जडला आहे. पोथीत मजकूर काळ्या शाईने आणि प्रकरणाची समाप्ती, दंड वगैरे पुष्कळदा लाल शाईने असतात. माझ्या जुन्या पडद्यावर ती लाली पिवळ्या पडलेल्या कागदात बुडून जाई, आणि श्लोक कोठे संपला ते मला अंदाजाने ठरवावे लागे. आयपीएस पडदा आणला त्या दिवशी एकाच पानावर चार दंड नव्याने सापडले. इतके दिवस मी लेखनिकाला बोल लावत होतो!

आमच्या बँकेत पडदे आले तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीने शाखांत खतावणीची यंत्रे आणण्याची शिफारस केली आणि पुढच्या काही वर्षांत काळ्या काचेवर हिरवी अक्षरे आमच्या नशिबी आली. संध्याकाळी घरी गेल्यावर पांढरी भिंत गुलाबी दिसे. त्या काचेच्या नळीचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे, कोठूनही पाहा, अक्षर तेच दिसे. म्हणूनच आमच्या पिढीला पडद्याकडे 'कोठून' पाहतो हे विचारण्याची सवय लागली नाही.

असो. मुनीमजींच्या पेढीवर मी काय केले ते सांगतो. शहरातल्या एका दुकानात मेहुणे, धाकटा आणि मुनीमजी यांना घेऊन गेलो. धाकट्याच्या लॅपटॉपवर पेढीचीच टॅली होती. दुकानदाराला विनंती करून तो तीन निरनिराळ्या पडद्यांना जोडला. मुनीमजींना खुर्चीवर बसवले, मग उभे केले, मग बाजूला उभे केले, आणि प्रत्येक वेळी यादीतील निवडलेली ओळ कोणती ते विचारले. दुकानदार आधी हसला, नंतर स्वतःच डोकावून पाहू लागला. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मेलेला ठिपका आहे का तेही पाहिले. एखाददुसऱ्या ठिपक्यासाठी पुष्कळ कंपन्या पडदा बदलून देत नाहीत, तेव्हा हे घरी नेण्याआधी झालेले बरे. २४ इंची, आयपीएस, वरखाली होणाऱ्या स्टँडचा पडदा ठरला. या आकाराचे साधे आयपीएस पडदे साधारण आठ ते बारा हजारांत मिळतात. स्टँड वरखाली होणारा हवा असेल तर थोडे अधिक. पेढीचा जीएसटी क्रमांक घालून पक्के बिल घेतले, म्हणजे १८ टक्के कराची वजावट मिळते. ऑनलाइन खरेदीत घरच्या नावाने बिल आले होते, ती वजावट तेव्हा बुडाली होती. धाकट्याने ते निमूटपणे ऐकून घेतले.

पडदा भिंतीवर लावायचा नाही, मेजावरच ठेवायचा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, आणि दाराचा उजेड काचेवर पडणार नाही अशा बाजूला, एवढे मी आग्रहाने करून घेतले. पावत्यांसाठी शेजारी लाकडी खण बसवला.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही मुनीमजींना पाठवले होते. सगळा दोष पडद्याचा होता असे म्हणणे खरे होणार नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. शस्त्रक्रियेची आता घाई नाही, चष्म्याचा नंबर बदला, असे डॉक्टर म्हणाले. नव्या चष्म्याने आणि नव्या पडद्याने त्यांनी उरलेला हंगाम काढला. पाडव्याला ताळेबंद जुळवायला बसले तेव्हा जुन्या तीन चुकांखेरीज फरक निघाला नाही.

मेहुण्यांनी त्यांच्यासमोर काहीच कबूल केले नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. पाडव्याच्या पूजेला मात्र पहिले पान लिहायला त्यांनी मुनीमजींनाच बसवले. त्या वेळी मुनीमजींनी धाकट्याला विचारले, "भाऊ, या पडद्याची हमी किती वर्षांची?"

"तीन वर्षांची, काका."

"मंग तीन वर्षं तरी मले कोणी उठवू नका."

तो २७ इंची पडदा आता धाकट्याच्या अभ्यासाच्या मेजावर आहे. समोर बसून क्रिकेटचा खेळ खेळताना तो अगदी छान दिसतो.